एंजिनाची मोकळी चाल

म्हैसूर शहराच्या उत्तर भागात, कृष्णराजसागर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेटगळ्ळी ही उद्योगवस्ती आहे. टायरचा मोठा कारखाना आणि चलनी नोटांचे मुद्रणालय यांमुळे तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. जवळच्याच यादवगिरीत १९६१ पासून १९९६ पर्यंत ‘आयडियल जावा’ कंपनीच्या मोटारसायकली तयार होत असत. साहजिकच एंजिनाचा आवाज हा या भागातील माणसांच्या परिचयाचा आहे. रस्त्याकडेला एखादी मोटार उभी असते, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, तरीही एंजिन घोंघावत राहते. कधी त्याचा आवाज चढतो, कधी उतरतो, मध्येच ते थरथरते आणि बंद पडते. ‘रेस कमीजास्त होते’ एवढीच चालकाची तक्रार असते. त्या एका वाक्यामागे काय काय दडलेले असू शकते आणि त्याचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे पाहण्यासारखे आहे.

मोकळी चाल म्हणजे काय?

गाडी उभी असताना एंजिन जेव्हा केवळ स्वतःला चालू ठेवण्यापुरते काम करते, तेव्हा ते मोकळ्या चालीवर आहे असे म्हणता येईल. गॅरेजात याला आयडलिंग म्हणतात. आतील घर्षणावर मात करणे, पाणी खेळविणारा पंप व वीज निर्माण करणारे यंत्र फिरविणे, एवढेच त्या वेळी एंजिनाचे कार्य असते. बहुतेक पेट्रोल-मोटारींत एंजिन तापल्यावर ही गती मिनिटाला सुमारे ७०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते.

हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाची एक चकतीसारखी झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. मोकळ्या चालीत ती जवळजवळ पूर्ण मिटलेली असते. पलीकडे दट्ट्ये हवा खेचत असतात; परंतु वाट बंद असल्यामुळे झडप आणि सिलिंडर यांमधील शाखानळात अंशतः निर्वात निर्माण होतो. तेथील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक तृतीयांश एवढाच उरतो. मोकळ्या चालीचे बहुतेक रहस्य या निर्वातात आहे.

एका लहान भोकाचा हिशेब

एक लिटर क्षमतेचे चार धावांचे एंजिन घेऊ. ते दर दोन फेऱ्यांत एकदा आपली पोकळी भरून घेते. मिनिटाला ८०० फेऱ्या म्हणजे ४०० भरणे. पण दाब एक तृतीयांश असल्याने प्रत्यक्षात बाहेरची हवा आत येते ती सुमारे १३० लिटर. तेच एंजिन पूर्ण उघड्या झडपेने ५,००० फेऱ्यांवर चालले, तर ते मिनिटाला सुमारे २,५०० लिटर हवा घेते.

आता शाखानळाच्या एखाद्या रबरी नळीला दीड मिलिमीटर व्यासाचे भोक पडले अशी कल्पना करू. आतील निर्वातामुळे त्यातून मिनिटाला सुमारे २० लिटर हवा आत घुसेल. भर वेगात ही चोरटी हवा एकूण हवेच्या शेकडा एक भागही नसते, म्हणून ती जाणवत नाही. मोकळ्या चालीत मात्र ती शेकडा पंधराच्या घरात जाते. रस्त्यावर उत्तम धावणारी मोटार सिग्नलपाशी उभी राहिली की का बिथरते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात मिळते.

तक्रारी तीन, कारणे अनेक

उपचारापूर्वी लक्षण नीट ओळखले पाहिजे. एंजिनाची गती चढलेली, पण स्थिर असेल, तर हवा गरजेपेक्षा अधिक मिळत आहे. अ‍ॅक्सिलरेटरची तार ताणलेली किंवा गंजून अडकलेली असते. झडप मिटविणारी स्प्रिंग सैल झालेली असते. थंड एंजिनासाठी असलेला चोक पूर्ण मागे गेलेला नसतो. अथवा कोठेतरी हवा गळून आत येत असते. ठिणगी योग्य क्षणापेक्षा लवकर पडत असेल, तरीही गती वाढते.

गती तालात वर-खाली होत असेल, तर प्रकरण निराळे असते. न्हाणीघरात गरम व थंड पाण्याच्या दोन तोट्या एकत्र उघडून बसलेल्या माणसाची स्थिती आठवावी. पाणी फार कढत वाटले म्हणून तो थंड तोटी सोडतो. परिणाम दिसण्यास क्षणभर लागतो, तोवर त्याने ती अधिकच सोडलेली असते. मग पाणी गार होते आणि उलट खटाटोप सुरू होतो. दुरुस्ती आणि परिणाम यांत विलंब आला की नियंत्रण हेलकावे खाऊ लागते. वाफेच्या एंजिनांच्या नियंत्रकांतील हाच दोष जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गणिताच्या आधारे उलगडला होता. आजच्या मोटारींत इंधनाचे प्रमाण एक लहान संगणक ठरवितो. चोरट्या हवेमुळे गती नको तितकी चढली की तो इंधन तोडतो, गती पडली की पुन्हा देतो; आणि एंजिन झोके घेऊ लागते.

तिसरी तक्रार म्हणजे गती मंद, पण चाल ओबडधोबड. येथे बहुधा एखादा सिलिंडर आपले काम करीत नाही. मळलेला प्लग, तुटकी तार, जळालेली झडप किंवा कचऱ्याने बुजलेले बारीक जेट ही त्याची नेहमीची कारणे होत.

स्क्रूचा मोह

प्रत्येक कार्ब्युरेटरवर मोकळी चाल कमीजास्त करणारा एक स्क्रू असतो. तो फिरविला की आवाज तात्काळ बदलतो, आणि दुरुस्ती झाली असा भास होतो. परंतु गळती तशीच राहिली, तर स्क्रूने फक्त लक्षण झाकले जाते.

याचा खरा धोका यादवगिरीच्या मोटारसायकलींसारख्या दोन धावांच्या एंजिनांत दिसतो. या एंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि मिश्रण प्रथम भुजादंडाच्या पेटीत येते. त्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या दंडाभोवती रबरी सील असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक झाले की त्याच्या कडेने हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, आणि मोकळी चाल आपोआप चढते. चालक स्क्रू फिरवून ती खाली आणतो व निश्चिंत होतो. प्रत्यक्षात लांबच्या प्रवासात त्या एंजिनाला पेट्रोल कमी मिळते, म्हणून तेलही कमी मिळते. पातळ मिश्रणाने उष्णता वाढते. आणि अखेर दट्ट्या फुगून सिलिंडरला घट्ट चिकटतो. मागचे चाक जागीच अडते. भरधाव वेगात हे घडले, तर स्वाराच्या जिवावर बेतते. चढलेली चाल ही त्या एंजिनाने आधीच दिलेली सूचना असते.

शोधाचा क्रम

म्हणून कुशल कारागीर स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावतो. प्रथम तो एंजिन पूर्ण तापू देतो. कारण थंड एंजिनाची चाल मुद्दामच अधिक ठेवलेली असते, आणि तो दोष नव्हे. वातानुकूलन चालू असेल तर ते बंद करतो. मग एंजिन बंद करून अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने हलवून पाहतो. झडप ‘टक्’ असा आवाज करीत पूर्ण मिटली पाहिजे.

त्यानंतर गळतीचा शोध सुरू होतो. एंजिन चालू असताना एकेक रबरी नळी चिमट्याने दाबली, आणि एखादी दाबताच आवाज बदलला, तर दोष त्या नळीच्या पलीकडे आहे. ब्रेकला साहाय्य करणाऱ्या निर्वातपेटीची जाड नळी यात विसरू नये. तिची गळती मोकळी चाल तर बिघडवितेच, शिवाय ब्रेकची ताकदही कमी करते. पॅकिंगच्या सांध्यांवर विजेच्या तारा टाळून पाण्याचे थोडे थेंब सोडले, तर भेग क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. काही ठिकाणी यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम एंजिनावर ही गोष्ट आगीला आमंत्रण देणारी आहे.

एक प्रयोग शाळेतील विद्यार्थ्यालाही समजेल असा आहे. कार्ब्युरेटरचे तोंड सपाट लाकडी फळीने झाकले, तर एंजिन गुदमरून लगेच बंद पडले पाहिजे. तोंड मिटूनही ते चालत राहिले, तर त्याला श्वास दुसरीकडून मिळत आहे.

अलीकडच्या मोटारींत कार्ब्युरेटर नाही. परंतु विचार तोच राहतो. थ्रॉटलच्या कडेला साचलेली काजळी, मोकळ्या चालीसाठी हवा मोजून देणारी मळलेली झडप, किंवा एंजिन तापलेले असूनही ‘थंड आहे’ असे संगणकाला कळविणारा बिघडलेला तापमापक, ही तेथील नेहमीची कारणे आहेत.

मेटगळ्ळीचा दाबमापक

निर्वात मोजणारे एक साधे उपकरण शाखानळास जोडता येते. निरोगी एंजिनाच्या मोकळ्या चालीत त्याचा काटा पाऱ्याच्या ४३० ते ५३० मिलिमीटरांच्या दरम्यान स्थिर असावा, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मेटगळ्ळीत एखाद्या नवशिक्याने हा मापक लावला आणि काटा ४०० वर थांबला, तर तो एंजिनाला दोषी ठरवील. पण ते आकडे समुद्रसपाटीचे आहेत. म्हैसूर सुमारे ७६० मीटर उंचीवर वसले आहे. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका असतो. तो येथे ६९५ च्या आसपास येतो. बाहेरचा दाबच सुमारे ६५ मिलिमीटरांनी कमी असल्याने काटाही तितकाच खाली राहणार. ४०० वर स्थिर असलेले ते एंजिन निर्दोष असू शकते.

याच कारणाने मुंबईत नीट बसविलेल्या कार्ब्युरेटरची मोटार म्हैसुरास आली की थोडी मंद चालते आणि तिचे मिश्रण सुमारे शेकडा चारने दाट होते. उलट, म्हैसुरात बसविलेली मोटार घाट उतरून मंगळुरास गेली, तर तिची चाल किंचित चढते. दोन्ही ठिकाणी एंजिन तेच असते. बदललेली असते ती भोवतालची हवा.

एक आवश्यक सावधगिरी

मोकळ्या चालीची तपासणी नेहमी उघड्या जागेत करावी. मिश्रण दाट असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू विशेष प्रमाणात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक आवडीने त्याला धरून ठेवते. दार लावलेल्या गॅरेजात एंजिन चालू ठेवून काम करणाऱ्या माणसाला प्रथम डोके जड वाटते, मग झोप येते. ती झोप पुष्कळदा शेवटची ठरते. थंडीच्या दिवसांत दार ओढून घेण्याचा मोह टाळावा.

विजेवर चालणारी मोटार उभी राहिली की तिची मोटर थांबते. तिला मोकळी चालच नाही. काळाच्या ओघात हा घोंघावणारा आवाज रस्त्यांवरून कमी होत जाईल. परंतु लक्षण आणि कारण यांतील भेद ओळखणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, आणि पुस्तकातील आकडा आपल्या गावाच्या हवेशी ताडून घेणे, या सवयींना जुनेपण येत नाही. रस्त्याकडेच्या गॅरेजात काळ्या हातांनी चिमटा धरून एकेक नळी दाबून पाहणारा कारागीर जे करतो, त्यालाच प्रयोगशाळेत संशोधन म्हणतात.