मागच्या खोलीची लाईन

मागच्या बैठकीत सोनाळ्याच्या एका ताईंनी विचारलं, "ताई, मिरचीची चक्की सुरू केली का पुढच्या खोलीतला बल्ब बारीक होते. मोटर नुसती घुमते. काहून?"

मला आमच्याच गटाचं आठवलं. कर्ज काढून आम्ही दोन एचपीची चक्की घेतली आणि एका घराच्या मागच्या खोलीत बसवली. दुसऱ्याच महिन्यात मोटर जळाली. दुकानदाराला आम्ही नाही नाही ते बोललो. रिवाइंडिंगवाल्याने मोटर उघडून पाहिली आणि एकच विचारलं, "वायर कोणती टाकली?" वायर आम्ही बल्बची टाकली होती. पुढच्या खोलीतल्या प्लगमधून शंभर फूट ओढत नेलेली. दुकानदाराची माफी मागावी लागली, आणि चक्की बंद असली तरी बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

तर आज ही मागच्या खोलीची लाईन समजून घेऊ.

शेतात स्प्रिंकलर लावता ना? पाइप लांब आणि बारीक असला की पहिला नोझल जोरात फिरतो आणि शेवटचा नुसता थेंब थेंब गळतो. विजेचंही तसंच आहे. व्होल्ट म्हणजे दाब, अँपिअर म्हणजे किती धार वाहते ते. वायर बारीक आणि लांब असेल तर दाब वाटेतच मरतो.

हिशोब करून बघू. दोन एचपीची मोटर चालताना साधारण १० अँपिअर ओढते. पण सुरू होतानाचा जो झटका असतो, त्या क्षणी ती पाच-सहा पट, म्हणजे ५० अँपिअरच्या वर जाते. शंभर फूट लांब खोली म्हणजे वीज जायला शंभर आणि परत यायला शंभर फूट. वायर १ चौरस मिलिमीटरची असेल तर त्या झटक्याला ५५ व्होल्ट वायरमध्येच जातात. २३० मधून उरले १७५. संध्याकाळी गावात दाब आधीच कमी असतो, मग तर विचारूच नका. मोटर वेग घेत नाही, घुमत राहते, तापते आणि जळते. त्याच ठिकाणी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर १५ व्होल्टच जातात. आणि बारीक वायरमध्ये मोटर चालू असेपर्यंत शंभर वॅटचा बल्ब पेटल्याएवढी उष्णता तयार होते. ती वायरच्या आवरणाला लागते. आगी अशाच लागतात.

आता कोणी म्हणेल, दाबच वाढवला तर? बरोबर विचार आहे. पारसच्या केंद्रातून वीज निघते ती लाख-दोन लाख व्होल्टच्या लाईनवरून, ती यासाठीच. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला धार निम्मी लागते आणि त्याच वायरमधलं नुकसान चौथाईवर येतं. गावाजवळ ती ११ हजार व्होल्टवर येते आणि डीपीवर उतरून घरात २३० ची होते.

अमेरिकेत घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्टच असतात. तिकडे हॅम रेडिओचे हौशी लोक असतात, घरातल्या एका खोलीतून दूरदेशी बोलणारे. (आपल्याकडेही आहेत, परवाना घेऊन. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्यांनी निरोप पोचवले होते.) मोठं यंत्र लावायचं तर त्या अमेरिकी माणसाला मीटरपासून त्या खोलीपर्यंत २४० व्होल्टची वेगळी लाईन ओढून घ्यावी लागते. आपल्या प्रत्येक प्लगला तो दाब आधीच आहे, म्हणून आपल्याला वाटतं की कुठेही खुपसलं तरी चालतं. वेगळी लाईन मात्र आपल्यालाही लागतेच.

ती कशी असावी? मीटरजवळच्या बोर्डापासून थेट मागच्या खोलीपर्यंत, मध्ये कुठेही बल्ब-पंख्याचा जोड नको. दोन एचपीला शंभर फुटांपर्यंत ४ चौरस मिलिमीटर, आयएसआय खुणेची तांब्याची वायर. सुरुवातीला स्वतंत्र एमसीबी, मोटरसाठी 'सी' प्रकारचा. एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा एमसीबी बसवू नका, कारण शोधा. फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं हा तर आपल्याकडचा जुनाच रोग आहे.

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतात अर्थिंग आणि आरसीसीबी. आमच्या एका मैत्रिणीला चक्कीला हात लागला की झिणझिण्या यायच्या. ती चप्पल घालून काम करायची आणि आम्ही हसायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. चक्कीला तिसरी, हिरवी वायर होती, पण ती बोर्डात नुसती मोकळी सोडलेली होती. अर्थिंगसाठी खड्डा हवा, त्यात नळी किंवा पत्रा, मीठ-कोळसा, आणि आपल्या उन्हाळ्यात तर अधूनमधून त्यात पाणी. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या. वीज गळून दुसरीकडे जायला लागली की तो क्षणात लाईन तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर पडला नाही तर तो निकामी झाला समजा.

एवढं करून कागद राहिला तर अडचण येते. चक्की घेतली की महावितरणच्या कार्यालयात भार वाढवण्याचा अर्ज करा. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराकडूनच घ्या, आणि भरलेल्या पैशांची पावती गटाच्या फाइलीत लावा. धंद्याला घरगुती दर चालेल की दुसरा लागेल, हेही तिथेच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मंजूर कारणासाठी नसलेला वापर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये येतो, आणि त्यात दुप्पट दराने आकारणी होते. शेतीपंपाच्या लाईनवर चक्की चालवणं हेही त्यातच आलं. आणि आकडा टाकणं ही तर सरळ चोरी.

डाळ मिलसारखं मोठं यंत्र घ्यायचं असेल तर थ्री फेज लागेल. ते यंत्राची ऑर्डर देण्याआधी विचारा, कारण पोल लांब असेल तर लाईनचाच खर्च यंत्राच्या बरोबरीला जाऊ शकतो.

त्या ताईंकडे आम्ही परवा गेलो होतो. वायर हातात धरून पाहिली, गरम लागत होती. आता मिरची, हळदीचे दिवस तोंडावर आहेत. नवी वायर पडेपर्यंत त्यांनी चक्की बंद ठेवली आहे, आणि वायर-अर्थिंगचा खर्च गटाच्या बचतीतून द्यायचा ठराव सोमवारच्या बैठकीत घेतला आहे.