गॅस गिझर पेटतो आणि लगेच विझतो, ते का?



परभणीची थंडी कशी असते ते वेगळं सांगायला नको. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात नोंदलेलं किमान तापमान हिवाळ्यात पेपरात येतं, कधी कधी ते पाच अंशांच्याही खाली असतं. अशा सकाळी लेकराची शाळेची वेळ झालेली असते आणि गॅस गिझर टक-टक करतो, भक्कन पेटतो आणि काही सेकंदांत बंद! घरचे म्हणतात, गिझर गेला. पण बऱ्याचदा बिघाड एका बारीक काडीत असतो. तिला फ्लेम सेन्सर म्हणतात.

गिझरचं पुढचं झाकण काढलं की बर्नरजवळ धातूच्या काड्या दिसतात, बुडाशी पांढरी चिनी माती. एक काडी ठिणगी पाडते, दुसरी थेट ज्योतीत उभी असते. हवा विजेची दुर्वाहक, असं आपण मुलांना शिकवतो. ते बरोबरच आहे. पण ज्योतीत विद्युतभारित कण, म्हणजे आयन तयार होतात, त्यामुळे ज्योतीतून थोडीशी वीज वाहते. थोडीशी म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, या मापाची! तेवढा प्रवाह मिळाला की सर्किटला कळतं, जाळ आहे. मग ते गॅसचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतं. प्रवाह नाही, तर व्हॉल्व्ह बंद.

हे बंद होणं आपल्या भल्याचंच आहे. ज्योत नसताना गॅस येत राहिला तर? एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, आणि नंतर एक ठिणगी पुरते.

काडीवर काजळी चढली, चिनी मातीला तडा गेला किंवा वायर सैल झाली, की ज्योत असूनही सर्किटला ती 'दिसत' नाही. पण आधी नवे सेल टाकून पाहा. ठिणगीच पडत नसेल तर सेल किंवा टाकीच्या पाण्याचा दाब तपासा, तिथे सेन्सरचा दोष नाही.

काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून बघा. रेग्युलेटर बंद, सेल बाहेर, गिझर थंड, मगच झाकण. नुसती काजळी असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून भागतं. बदलायचाच झाला तर त्याच मॉडेलचा सेन्सर हवा आणि तो जुन्याच जागी बसला पाहिजे: टोक ज्योतीत, पण बर्नरला न टेकता. गॅसचा जोड उघडला असेल तर शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. गळतीचा वास आला तर 1906 हा हेल्पलाइन नंबर आहे.

"सेन्सर कशाला, डायरेक्ट करून देतो," असं कुणी म्हटलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक. हा सेन्सर फक्त ज्योत ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये हवा अपुरी पडली की जळणाऱ्या गिझरमधूनच तो तयार होतो. सेन्सर नवा कोरा असला तरी गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. आत बसवलेला असेल तर पोरांची आंघोळ त्यावर नको, तो आधी बाहेर काढून घ्या.