घाटाच्या पायथ्याशी पंचवीस मिनिटांची नळी

कर्जत स्टेशनात पुण्याकडे निघालेली गाडी उभी राहते. दोन-चार मिनिटांत शेवटच्या डब्यामागून हलकासा धक्का बसतो आणि डब्यातलं कुणीतरी म्हणतं, “बँकर लागली.” वडापाव घ्यायला उतरलेली माणसं घाईनं डब्यात चढतात. बँकर म्हणजे मागून जोडलेली इंजिनं. ती ढकलू लागतात, पुढचं ओढू लागतं आणि गाडी पळसदरीवरून घाटाला लागते. ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा हा बोरघाटाचा चढ आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत बँकरशिवाय तो चढते, कारण तिच्या मोटारी गाडीभर वाटलेल्या आहेत. इतर बहुतेक गाड्यांना मात्र मागून आधार लागतोच.

याच मुलखावरून मुंबई-पुणे प्रवास पंचवीस मिनिटांत होईल, अशी घोषणा १८ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईत झाली. ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत व्हर्जिन हायपरलूप वन कंपनीचे रिचर्ड ब्रॅन्सन आणि महाराष्ट्र सरकार यांनी करार केला. पुण्याहून नवी मुंबई विमानतळामार्गे मुंबई गाठायची होती. २०१९ मध्ये राज्यानं हा सार्वजनिक पायाभूत प्रकल्प म्हणून मान्य केला. सुमारे ११७ किलोमीटरचा मार्ग आणि ७० हजार कोटींच्या आसपास खर्च, असे आकडे तेव्हा पुढे आले. पुणे आणि नवी मुंबई यांच्यामध्ये सरळ रेघ मारा, ती खालापूर तालुक्यातूनच जाते. म्हणून हायपरलूप या यंत्राची ओळख घाटाच्या पायथ्याशी उभं राहून करून घेतलेली बरी.

यंत्रामागचं तत्त्व साधं आहे. वेगानं जाणाऱ्या गाडीला सगळ्यात जास्त अडवते ती हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. मग हवाच काढून टाकली तर? पोलादी नळी बांधायची आणि पंप लावून तिच्यातला दाब बाहेरच्या दाबाच्या हजाराव्या हिश्शापर्यंत उतरवायचा. आत वीस-तीस माणसांची बंद कुपी ठेवायची, चुंबकानं ती रुळापासून उचलून धरायची आणि विजेच्या रेषीय मोटारीनं पुढे लोटायची. चाकाचं घर्षण नाही, हवेचा अडथळा जवळपास नाही. एकदा वेग घेतला की ताशी हजार किलोमीटरच्याही पुढे जाता येईल, असा हिशेब इलॉन मस्क यांनी ऑगस्ट २०१३ मधल्या आराखड्यात मांडला आणि हायपरलूप हा शब्द जगभर पसरला. कल्पना त्याहून जुनी आहे. १८६४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ आणि १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या जमिनीखाली हवेच्या दाबानं ढकललेल्या डब्यातून लोक बसून गेले होते.

कागदावरचं हे तत्त्व घाटात आणलं की आकडे बोलू लागतात. कर्जत ते लोणावळा हे रेल्वेनं अठ्ठावीस किलोमीटरचं अंतर आज चढताना पाऊण तासाच्या आसपास घेतं. ताशी हजारच्या वेगानं तेच पावणेदोन मिनिटांत संपेल. पण त्या वेगात वळायचं कसं? प्रवाशाला बाजूला लागणारा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाइतकाच ठेवायचा म्हटलं, तर वळणाची त्रिज्या ३९ किलोमीटर येते. कर्जत आणि लोणावळा यांच्यातलं सरळ अंतरच वीस किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेसारखं डोंगराला वळसे घालत चढणं या यंत्राला परवडणारं नाही. त्याला लांबलचक बोगदाच हवा, नाहीतर घाटापुरता वेग उतरवायला हवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. पोलादी नळी तापली की लांबते. तापमान तीस अंशांनी बदललं, तर ११७ किलोमीटरची नळी एकूण ४२ मीटर लांबते किंवा आखडते. तेवढी हालचाल सांध्यासांध्यांत मुरवायची आणि तरीही हवा आत शिरू द्यायची नाही. नळीच्या प्रत्येक चौरस मीटरवर बाहेरची हवा दहा टन भारानं दाबत असते. त्यात इथला पावसाळा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशीजवळ २०१५ मध्ये दरड कोसळली आणि २०२३ मध्येही. खांबावरच्या नळीचं भवितव्य ठरवताना हा डोंगर विसरून चालणार नाही.

या डोंगरानं नळी पाहिलेली नाही असं मात्र नाही. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पोलादी नळांतून पाचशे मीटरांहून खोल उतरतं आणि खाली वीज होते. रेल्वेची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोरघाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि काही आठवड्यांतच वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका सोडला नाही. कामाच्या ऐन भरात ४० हजारांहून अधिक मजूर डोंगर फोडत होते आणि रोगराईनं, अपघातांनी माणसं मरत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. उतरताना ब्रेक निकामी झालेली गाडी चढावर वळवून थांबवायची कॅच सायडिंगही या घाटात बांधली गेली. बांधणाऱ्यांनी वेगाच्या आधी थांबण्याचा विचार केला होता.

हायपरलूपच्या बाबतीत तो क्रम उलटा झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात पहिल्यांदा माणसं बसवून चाचणी झाली. नळी ५०० मीटरची, वेग ताशी सुमारे १७२ किलोमीटर, प्रवास जेमतेम पंधरा सेकंदांचा. त्या चाचण्यांत बसलेल्या मोजक्या लोकांत पुण्याचे अभियंते तनय मांजरेकर होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. पण अर्ध्या किलोमीटरच्या सपाट नळीतून ११७ किलोमीटरच्या घाटवाटेवर एकदम उडी मारता येत नाही. २०२२ मध्ये कंपनीनं प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे मोर्चा वळवला आणि २०२३ च्या अखेरीस ती बंद पडली. पंचवीस मिनिटांचं स्वप्न करारातच राहिलं.

आज आशेला जागा आहे ती मद्रासच्या आयआयटीत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘आविष्कार’ गटानं २०१७ पासून कुप्या बनवल्या आणि थैयूरच्या आवारात ४२२ मीटरची चाचणी नळी उभी राहिली. रेल्वे मंत्रालयानं या कामाला पैसे दिले. घोषणेचा गाजावाजा नाही, एकेक भाग तपासत जायचं. बोरघाट बांधणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटली असती.

कर्जत-खालापूरच्या वाचकाला एक सांगावंसं वाटतं. बँकरसाठी थांबणाऱ्या गाडीनं कर्जतला रोजगार दिला, वडेवाल्याला गिऱ्हाईक दिलं. नळीतली कुपी इथे थांबणार नाही. जमीन मात्र इथलीच लागेल. म्हणून पुन्हा कुणी पंचवीस मिनिटांचा नकाशा घेऊन आलं, तर त्याला तीन प्रश्न विचारा: चढावर, पावसात, कित्येक किलोमीटर लांबीच्या नळीत चाचणी कुठे झाली? मध्येच कुपी बंद पडली तर माणसं बाहेर कशी येतील? आणि आमच्या गावाला काय मिळेल? तिन्हींची उत्तरं मिळाली तर या यंत्राचं मनापासून स्वागत करा. तोवर जमिनीचा सातबारा जपून ठेवा.