साखरेच्या साबणाची ॲलर्जी होते का?

धडगावच्या एका आरोग्य शिबिरात एक अंगणवाडीताई आल्या. दोन्ही हात लाल, बोटांच्या बेचक्यांत भेगा. ‘‘डॉक्टर, या हातांनी पोरांना भरवायचं कसं?’’ त्यांनी पिशवीतून हात धुण्याच्या द्रवसाबणाची बाटली काढली. वर छापले होते : ‘साखर व खोबऱ्यापासून तयार, त्वचेला सौम्य’. साखरेवर संशय येऊन ताईंनी चहातली साखरही सोडली होती!

या साबणात साखरेच्या रेणूला खोबरेलासारख्या तेलातून मिळणारी लांब शेपटी जोडलेली असते. साखरेचे टोक पाणी धरते, शेपटी तेलकट मळ धरते आणि मळ वाहून जातो. साखर व अल्कोहोल जोडण्याची रीत जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९३ मध्ये दाखवली. अशा संयुगांना ग्लुकोसाइड म्हणतात. आपल्या रिठ्याचा फेसही साखर जोडलेल्या रेणूंचाच.

मग नैसर्गिक ते निर्धोक म्हणावे का? सातपुड्यातल्या माणसाला हे सांगायला नको. बिबाही झाडाचाच, पण उतला की अंगाची आग होते.

ही ग्लुकोसाइडे त्वचेला फारशी झोंबत नाहीत, हे खरे. पण झोंबणे वेगळे, ॲलर्जी वेगळी. जहाल पदार्थ कोणालाही झोंबतो. ॲलर्जी मात्र ज्याच्या शरीराने तो पदार्थ शत्रू मानला त्यालाच होते. पुरळही बहुधा एक-दोन दिवसांनी उठतो. अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१७ मध्ये याच गटाला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. तरीही त्वचेच्या तक्रारीसाठी तपासलेल्या रुग्णांत हे प्रमाण साधारण एक ते दोन टक्केच आढळते.

खात्री होते ती पॅच टेस्टने. ठरावीक प्रमाणात पातळ केलेले घटक पाठीवर पट्टीखाली ४८ तास ठेवतात. पट्टी काढल्यावर त्वचा पाहतात, पुन्हा दोन दिवसांनी पाहतात. घरी मात्र साबण पट्टीखाली बांधू नका. तसा साबण कोणाचीही कातडी लाल करील.

ताईंची तपासणी शहरात झाली. ग्लुकोसाइड निर्दोष ठरले! दोषी निघाले ते साबण टिकावा म्हणून घातलेले एक रसायन. साबण बदलला, महिन्याभरात हात निवळले.

तेव्हा मंडळी, अंगावर खाज उठली तर बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. घटकांच्या यादीत डेसिल, लॉरिल किंवा कोको ग्लुकोसाइड दिसले, तरी तपासणीआधी निवाडा नको. आणि चहातल्या साखरेचा या ॲलर्जीशी संबंध नाही. ताई आता गोड चहा घेतात.