डोळा लवतो तेव्हा

पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, असं आपल्याकडे मानतात. आमच्या घरातल्या दखनीतही 'आँख फडकती' म्हटलं, की कुणीतरी शकुन काढतंच. कवितेत मीही हा शकुन वापरला आहे. पण अंग का उडतं, ते समजून घेतलेलं बरं.

स्नायू हा हुकमाचा ताबेदार. मज्जातंतूच्या टोकातून असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आखडतो. लगेच एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं, स्नायू सैल पडतो. कधी एखादा तंतू हुकमावाचूनच पेटतो. मग पापणी किंवा पोटरी फडफडते. जागरण, काळजी, फार चहा, अतिश्रम ही नेहमीची कारणं. विश्रांती मिळाली की बहुधा थांबतं. आठवडेच्या आठवडे टिकलं, अर्धा चेहरा ओढला जाऊ लागला, हातापायातली ताकद कमी झाली किंवा मांस झडू लागलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

आपल्या परभणीच्या कापूसपट्ट्यात आणखी एक कारण आहे : फवारणी. प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतात. रसायन मोडत नाही, स्नायूला हुकमावर हुकूम मिळत राहतात. ही औषधं श्वासातून जातात, तशी कातडीतूनही भिनतात. फवारणीहून आलेला माणूस 'अंग उडतंय, ऊन लागलं असेल' म्हणत बाजेवर आडवा होतो, हे मी पाहिलं आहे. 2017 साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसेक जण दगावले, शेकडो दवाखान्यात गेले.

म्हणून फवारणीनंतर अंग उडू लागलं आणि सोबत दरदरून घाम, तोंडाला लाळ, मळमळ, अंधुक दिसणं, दम लागणं यांतलं काही दिसलं, तर ते ऊन समजू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, उलटी करवू नका. झोपून बरं वाटेल म्हणून वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा. यावर ॲट्रोपिनसारखी इंजेक्शनं आहेत, पण ती वेळेत मिळायला हवीत. आणि जाताना औषधाचा डबा सोबत घ्या. त्याच्या लेबलावर विषाचं नाव आणि त्यावरचा उतारा छापलेला असतो.