दुहेरी कोष्टकातील शेकडेवारी आणि तिचा छेद

२०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकाच्या लोकसंख्येत मराठी मातृभाषकांचे प्रमाण सुमारे ३.४ टक्के होते. देशातील एकूण मराठी भाषकांपैकी मात्र कर्नाटकात सुमारे अडीच टक्केच होते. माणसे तीच, सुमारे साडेवीस लाख; छेद तेवढा बदलला.

वस्तीच्या पातळीवर हा भेद अधिक बोचतो. बंगळूरच्या के. आर. पुरमसारख्या बहुभाषिक उपनगरात २०० कुटुंबांची पाहणी झाली, असे केवळ उदाहरणादाखल मानावे. मराठी कुटुंबे ४०, इतर १६०. मुलांना मातृभाषा वाचता येते अशी त्यांतील कुटुंबे अनुक्रमे १० व ९०. ‘वाचणाऱ्या कुटुंबांत मराठी अवघी १० टक्के’ हे विधान खरेच आहे. परंतु मराठी वर्ग नाकारण्यासाठी ते वापरणे गैर होय, कारण मुळात मराठी कुटुंबेच थोडी. येथे आडव्या ओळीची बेरीज छेदस्थानी घ्यावी : मराठीत ४० पैकी १०, म्हणजे २५ टक्के, इतरांत १६० पैकी ९०, म्हणजे सुमारे ५६ टक्के. चारांपैकी तीन मराठी घरांत मुलांना मातृभाषा वाचता येत नाही, हे या ओळीतच दिसते. ते कशामुळे, याचे उत्तर कोष्टकात नसते. त्यासाठी पुन्हा घरोघरी जावे लागते.