ज्वाळेविना उष्णता



आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझे आयुष्य धातू तापविणाऱ्या यंत्रांच्या सहवासात गेले. बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा आणि यंत्रभागांचे कारखाने आहेत, आणि या शाळेची कितीतरी मुले तेथे पोट भरतात. म्हणून आजचा विषय केवळ पुस्तकी नाही.

चुलीत किंवा भट्टीत उष्णता बाहेरून आत जाते. आधी पृष्ठभाग तापतो, मग गाभा. रेडिओ वारंवारतेच्या यंत्रात मात्र उष्णता वस्तूच्या अंगातच उत्पन्न होते. यंत्र केवळ वेगाने बदलणारे क्षेत्र पुरविते. त्याची उष्णता वस्तू स्वतः करते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे उलगडत जाते.

प्रथम धातूंचा विचार करू. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात प्रवाह निर्माण होतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले. तांब्याच्या कॉइलमधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून आत पोलादी दांडा धरला, तर दांड्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि पोलादाच्या रोधामुळे त्यांची उष्णता होते. घरातील इंडक्शन शेगडीही याच तत्त्वावर चालते.

हे प्रवाह दांड्यात सर्वत्र सारखे पसरत नाहीत. वारंवारता जितकी अधिक, तितके ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. वारंवारता शंभरपट केली की त्यांची खोली एकदशांश होते. लालभडक तापलेल्या पोलादात ही खोली १ किलोहर्ट्झला सुमारे १७ मिलिमीटर, १० किलोहर्ट्झला सुमारे ५ मिलिमीटर आणि ४५० किलोहर्ट्झला १ मिलिमीटरहूनही कमी असते. उष्णता कोठे उपजावी हे अशा रीतीने वारंवारता ठरविते.

लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा धार कठीण होते आणि पाठ चिवट राहते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टलाही हेच हवे असते : बेअरिंगमध्ये फिरणारा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट. पृष्ठभाग काही सेकंदांत तापवून लगेच थंड केला की हे साधते. एका कारखान्यात मी पाहिले, की ४ मिलिमीटर खोल कठीण थर हवा असताना ४०० किलोहर्ट्झचे यंत्र वापरले जात होते. थर पुरेसा खोल जाईना, म्हणून कामगार वेळ आणि शक्ती वाढवीत. परिणामी वरचा थर अतितप्त होई आणि शाफ्टला बारीक चिरा पडत. दोष पोलादाला दिला जात होता. चुकली होती ती वारंवारता. सुमारे १० किलोहर्ट्झच्या यंत्रावर तेच पोलाद उत्तम ठरले.

लाकूड, प्लॅस्टिक, धान्य यांतून प्रवाह वाहत नाही. त्यांना धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये ठेवून तीव्र विद्युत् क्षेत्र लावतात. ज्या रेणूंच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण भार असतो, ते क्षेत्राबरोबर दिशा बदलू पाहतात. २७.१२ मेगाहर्ट्झच्या यंत्रात ही उलथापालथ सेकंदाला २ कोटी ७१ लाखांहून अधिक वेळा घडते आणि त्या धडपडीतून उष्णता निघते. पी.व्ही.सी.चे रेनकोट या रीतीने जोडता येतात. पॉलिथिनचे रेणू असे नसल्यामुळे त्याची पिशवी त्याच यंत्रात थंडच राहते. बिस्किटे वाळविताना ओलसर भाग अधिक तापतो आणि ओलावा आपोआप सम होतो.

१३.५६, २७.१२ आणि ४०.६८ मेगाहर्ट्झ हे आकडे उद्योगांसाठी आंतरराष्ट्रीय संकेताने राखून ठेवले आहेत. दुसरा पहिल्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट आहे. यंत्रातून मूळ वारंवारतेच्या दुपटीतिपटीच्या लहरीही निसटतात. त्या शक्यतो राखीव पट्ट्यातच पडाव्यात आणि रेडिओ-संदेशांत अडथळा येऊ नये, अशी ही सोय आहे.

आता यंत्राची रचना पाहू. कॉइल आणि कपॅसिटर यांची जोडी झोपाळ्यासारखी असते. झोपाळ्याला त्याच्या तालाने हलका धक्का दिला तरी तो उंच जातो. तसेच या जोडीला योग्य वारंवारतेचा थोडा प्रवाह दिला, की आतल्या आत त्याच्या अनेक पट प्रवाह फिरतो. १ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.२५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांचा ताल सुमारे ३१८ किलोहर्ट्झ येतो. पूर्वी धक्का देण्याचे काम मोठे व्हॉल्व्ह करीत; आज बहुतेक नव्या यंत्रांत ते ट्रान्झिस्टर करतात. कॉइलमध्ये शेकडो अँपिअर खेळत असल्याने ती तांब्याच्या नळीची करून आतून पाणी फिरवावे लागते. दांडा आत शिरताच हा ताल बदलतो. म्हणून कॉइल, काम आणि वीजपुरवठा यांचा मेळ घालणे हेच यंत्र बांधणाऱ्याचे खरे कौशल्य होय. आकृती पाहून यंत्र उभे करता येते. ते ताब्यात ठेवायला मात्र समज लागते.

ही समज नसेल तर किंमत माणसाला मोजावी लागते. उच्च वारंवारतेचा प्रवाह नेहमीसारखा झटका देईलच असे नाही. तो मांस आतून भाजतो. वर पांढरा ठिपका दिसतो आणि जखम खोल असते. बोटातील अंगठी कॉइलजवळ दांड्यासारखीच तापू शकते. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने या यंत्रांपासून दूर राहावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात हजारो व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भार धरून ठेवतात. अर्थिंगची दांडी लावून तो उतरविल्याखेरीज आत हात घालू नये. दार उघडताच यंत्र बंद करणारे बटण वेळ वाचविण्यासाठी बांधून ठेवलेले मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. असे वाचविलेले मिनिट कामगाराच्या बोटांवर उधार असते.

शिक्षकबंधू-भगिनींना माझी एकच विनंती आहे. कॉइलमध्ये चुंबक सरकविला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो, हा प्रयोग प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करू द्या. उद्या त्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रापुढे ते मूल उभे राहील. काटा का हलला हे ज्याला उमगले आहे, तो पोलादाला उगाच दोष देणार नाही आणि दाराचे बटणही बांधून ठेवणार नाही.